गप्प बसण्याची फी

शुद्धीवर येताना मला सगळ्यात आधी आला तो बुटाचा वास. साधासुधा बूट नव्हे, मुसफ्फाच्या औद्योगिक भागातल्या साइटवरून नुकताच परतलेला सेफ्टी शू. आमच्या ऑफिसातले तिवारीजी तो माझ्या नाकाशी धरून बसले होते आणि बाकीचे भोवती उभे राहून "और पास लाओ, और पास" असा सल्ला देत होते. आपल्याकडे कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात. ऑफिसच्या पॅन्ट्रीत कांदा नव्हता, म्हणून माझ्या वाट्याला बूट आला.

आता मीही हसते, तुम्हीही हसा. पण बुटाने फीट थांबत नाही, ती आपली आपण थांबते. माणसाला कुशीवर वळवावं, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवावं, तोंडात काही कोंबू नये आणि घड्याळाकडे बघावं. लांबायला लागली तर अँब्युलन्स बोलवावी. माझ्याकडची वैद्यकीय माहिती इथेच संपली, बाकीचं तुमचे डॉक्टर सांगतील. मी लिहितेय ते डॉक्टर सांगत नाहीत त्याबद्दल. ज्यांना नुकतंच निदान कळलंय त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी तर जास्तच.

मी मंजिरी. मूळची पुण्याची, आता अबू धाबीजवळ मोहम्मद बिन झायद सिटीत एका व्हिलाच्या तळमजल्यावर राहते. घरात नवरा प्रसाद, तेरा वर्षांची लेक ईरा आणि ऑस्कर. ऑस्कर कुत्रा आहे. त्याच्याकडे येतेच.

खलास

निदान सांगणाऱ्या डॉक्टरीणबाई सिरियाच्या होत्या. कॉम्प्युटरवरच्या रेघांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग खुर्ची माझ्याकडे फिरवली. "मंजिरी, इट इज एपिलेप्सी. खलास, नाऊ वुई नो. यल्ला, लेट्स ट्रीट इट."

अरबीत खलास म्हणजे 'झालं' आणि यल्ला म्हणजे 'चला', पण प्रसादचा चेहरा पांढरा पडला. मला मात्र, खरं सांगते, सुटल्यासारखं झालं. कारण बूट हुंगायच्या कितीतरी आधीपासून माझं काहीतरी चाललं होतं. बोलता बोलता मी मध्येच थांबायचे, समोरच्या माणसाचे ओठ हलताना दिसायचे आणि अर्थ लागायचा नाही. घरात त्याला "हिची तंद्री" म्हणत. सासूबाई इथे येऊन राहिल्या की दूध हमखास उतू जायचं, आणि त्याचं खापर माझ्या स्वभावावर फुटायचं. लक्ष नसतं, मन नसतं, नोकरीवाल्या बायका अशाच. मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. एका शब्दाने ती सगळी बोलणी माझ्या अंगावरून उतरली. आजार असणं परवडलं, पण वेंधळी म्हणून जगणं नको.

गोंद आणि खोबरेल

पुढच्या तपासण्यांसाठी मला हॉस्पिटलात ठेवून घेतलं. डोक्याला वायरी चिकटवतात, वर पांढरी टोपी बांधतात आणि समोर कॅमेरा लावतात. तुम्हाला फीट यावी म्हणून सगळे वाट बघत असतात. घरी सगळ्यांनी देव पाण्यात ठेवलेले की येऊ नये, आणि इथे डॉक्टर म्हणतात, "इन्शाल्ला, टुडे वुई कॅच वन." आली एकदाची, तर मलाच परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

वायरी काढल्यावर केसांत गोंदाचे गड्डे राहिले. शीबा नावाची केरळची सिस्टर होती, ती स्वतःच्या पर्समधलं खोबरेल घेऊन आली आणि एकेक बट सोडवत बसली. तिची ड्युटी तेव्हा संपली होती. मी निदानाच्या दिवशी रडले नव्हते, ती तिथे रडले.

आणि माझी मोठी जाऊ, शुभदावहिनी. ती अजमानला राहते. तिथून अबू धाबीपर्यंत ती मुगाची खिचडी घेऊन यायची आणि माझ्याजवळच्या खुर्चीत बसून राहायची. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे तिच्यावर तुम्हाला राग येईल. तेव्हा ही खिचडी आठवा.

बाथरूमची कडी

घरी आल्यावर दोन गोष्टी गेल्या: गाडीची किल्ली आणि बाथरूमची कडी. गाडी चालवायची नाही आणि कुठलंही दार आतून लावायचं नाही. मी आंघोळीला गेले की प्रसाद दाराबाहेर उभा. "ठीक आहेस ना?" थोड्या वेळाने परत, "मंजू, आहेस ना?" वैतागून मी आत मोठमोठ्याने पाढे म्हणायला लागले, म्हणजे आवाज बंद पडला की त्याला कळेल. एकोणतीसचा पाढा मला आजही पाठ आहे तो त्यामुळे.

हसण्यावारी नेलं तरी आम्ही दोघं झिजत होतो. झोपेत तो माझ्या मनगटावर हात ठेवून असायचा. मी कूस बदलली तरी दचकून उठायचा. मग दिवसा ऑफिसात पेंगायचा आणि घरी आल्यावर ईरावर खेकसायचा. ईरा एकदा म्हणाली, "आई, बाबा इज स्केर्ड ऑल द टाइम. इट्स एक्झॉस्टिंग." मला तिचा राग आला नाही, कारण तिचं बरोबर होतं.

आणि वर ती लपवाछपवी. "फीट" हा शब्द घरात कुणी उच्चारायचा नाही. आपसांत त्याला "तो प्रॉब्लेम" म्हणायचं. सासूबाईंनी पुण्यात सांगून ठेवलं होतं की मंजूला बीपीचा त्रास आहे. परिणाम असा की प्रत्येक फोनवर कुणी ना कुणी मला मीठ कमी खायला सांगायचं.

ऑस्कर

ऑस्कर आला तो शिकून सवरून आला. पिवळट रंगाचा लॅब्रेडोर, कामाच्या वेळी गंभीर, एरवी खादाड. मला फीट आली की तो अंगाला अंग लावून आडवा होतो आणि भुंकून घरातल्यांना बोलावतो. भिंतीवर त्याच्या उंचीवर घंटेचं एक बटण आहे, ते पंजाने दाबतो. फीट येण्याआधी तो सांगेल का, असं सगळे विचारतात. कधीकधी तो आधीच येऊन मला नाकाने ढोसतो, पण त्याची हमी कुणी दिलेली नाही, आणि देणारा भेटला तर त्याच्यापासून जरा लांब राहा.

त्याच्या शिक्षणातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. लाल जॅकेट अंगात असेल तर ऑस्कर ड्युटीवर. जॅकेट काढलं की त्याची सुट्टी, मग तो शेपूट हलवत कुणाच्याही पिशवीत तोंड घालतो. घरात जॅकेट दाराशेजारच्या खुंटीवर असतं आणि तिथे त्याशिवायही काम करायची त्याला वेगळी शिकवण आहे. बाहेर मात्र जॅकेट हाच त्याचा युनिफॉर्म.

तो आल्यानंतरच्या पहिल्या फीटमधून मी जागी झाले तेव्हा गालाला ओलं, गरम काहीतरी लागत होतं. बुटापेक्षा ते कितीतरी बरं होतं. प्रसाद हळूहळू झोपायला लागला, नंतर घोरायलाही लागला. सासूबाईंना 'ऑस्कर' म्हणवेना, त्या त्याला 'ओंकार' म्हणतात आणि तो त्या नावालाही येतो.

इथे सगळ्यांना कुत्रा चालतो असं नाही. कुणाला भीती असते, कुणाला धर्मामुळे त्याचा स्पर्श नको असतो. लिफ्टमध्ये कुणी अवघडलेलं दिसलं की आम्ही पुढच्या लिफ्टने जातो. हक्क माझा असला तरी लिफ्ट सगळ्यांची असते.

साखरपुडा

शुभदावहिनीच्या मुलीचं, सईचं लग्न ठरलं. मुलगा अद्वैत, त्याच्या घरचे दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहणारे, मूळचे ठाण्याचे. साखरपुडा फुजैराला, समुद्राकाठच्या एका हॉटेलात. दोन्हीकडची माणसं आदल्या दुपारीच पोहोचणार होती.

वहिनीचा फोन आला. "मंजू, ऐक ना. तिकडची माणसं कशी आहेत अजून कळलेलं नाही. उगाच विषय नको निघायला."

"कसला विषय?"

"अगं, तोच. आपल्या घरात तसलं काही आहे म्हटलं की लोक मुलीचंही बघायला लागतात. विचारलंच कुणी तर सांगू, कुत्रा ईराचा आहे, हौसेने पाळलाय. आणि त्याचं ते लाल जॅकेट तेवढं नको घालूस. केवढ्या मोठ्या अक्षरांत 'सर्व्हिस डॉग' लिहिलंय त्यावर."

मी "बरं" म्हटलं. पोरीच्या लग्नात आई कशालाही भिते. आणि खिचडी मी विसरले नव्हते.

प्रसाद वहिनीच्या एक पाऊल पुढे. त्याने ऑनलाइन बुकिंगमध्ये ऑस्करची नोंद 'पेट' अशी करून टाकली आणि मला सांगितलंच नाही. आमच्या घराण्याची ही जुनी रीत: चारचौघांत काही बोलावं लागणार असेल तर त्यापेक्षा पैसे भरून मोकळं व्हायचं.

लॉबी

हॉटेलच्या काउंटरवर एक तरतरीत मुलगी होती. छातीवरच्या पट्टीवर नाव, रीटा. तिने इंग्रजीत नियम वाचून दाखवले. पाळीव प्राण्याची फी पाचशे दिरहम, परत मिळणार नाही. खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. हॉलमध्ये आणि रेस्टॉरंटमध्ये प्राण्यांना मनाई. समारंभ चालू असताना त्याला बागेतल्या पिंजऱ्यात ठेवावं लागेल.

मागे सोफ्यांवर अद्वैतच्या घरचे नुकतेच येऊन टेकले होते. जॅकेट नसलेला ऑस्कर सुट्टीवर असल्यामुळे थेट अद्वैतच्या आजोबांच्या पेढ्यांच्या पिशवीत शिरला. आजोबांनी पिशवी डोक्यावर धरली. ईरा पट्टा ओढत म्हणाली, "ही इज सो कन्फ्यूज्ड, आई."

प्रसाद मला मराठीत म्हणाला, "पाचशे दिरहम! म्हणजे बारा हजाराला चुना. जाऊ दे, भरून टाकतो. तू फीटचं काही बोलू नकोस, पेट म्हणूनच राहू दे. उद्या दोन-तीन तासांचा तर प्रश्न आहे, मी बघतो तुझ्याकडे."

"तू बघणार? मुलीचा काका तू. तू दारात पाहुण्यांना अत्तर लावत असशील."

"हळू बोल."

"तूच तर मोठ्याने बोलतोयस."

"हिला कुठे मराठी कळतंय!"

दुबईपासून अबू धाबीपर्यंत आपली माणसं हीच चूक करतात. बाजारात, लिफ्टमध्ये, डॉक्टरकडे मराठी ही आपली खाजगी खोली आहे असं समजून सगळं बोलतात. रीटाचे हात कीबोर्डवर थांबले.

"सॉरी हां सर," ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "मी वसईची आहे."

प्रसादचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. रीटा बिचारी आमच्यापेक्षा जास्त ओशाळली होती. ती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मॅडम, सर्व्हिस डॉग आहे का? मला नियम नक्की माहीत नाही, ड्युटी मॅनेजरना विचारावं लागेल. पण माझ्या स्क्रीनवर पेट आहे. पेट असेल तर मला फी घ्यावीच लागणार, आणि त्याला हॉलमध्ये नाही सोडता येणार."

गप्प बसले असते तर पाचशे दिरहमांत भागलं असतं. उद्या दिवे, गर्दी, अर्धवट झोप, म्हणजे माझ्या फीटला आवडणारं सगळं असणार होतं, आणि माझा ऑस्कर बागेत पिंजऱ्यात असणार होता. बोलले असते तर दहा पावलांवर सईचं सासर बसलेलं. वहिनी लांबूनच मला डोळ्यांनी दटावत होती. आणि मला एकदम कंटाळा आला. भीतीपेक्षा कंटाळाच जास्त. मीठ कमी खाण्याचा, 'त्या प्रॉब्लेम'चा, हळू बोलण्याचा.

मी बॅगेतून लाल जॅकेट काढलं, गुडघ्यांवर बसले आणि ऑस्करला हाक मारली. पट्टे आवळले तसा तो बदलला. पेढे विसरला आणि माझ्या डाव्या पायाशी येऊन उभा राहिला.

मॅनेजर आले. अदबीचे गृहस्थ होते. त्यांनी जॅकेट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गोंधळून म्हणाले, "बट मॅडम, यू कॅन सी."

"येस. आय कॅन सी व्हेरी वेल. आय हॅव एपिलेप्सी." आणि मग मागच्यांना ऐकू जावं म्हणून, कुणी विचारलेलं नसताना, मराठीत: "मला अपस्मार आहे. फीट येतात. हा कुत्रा हौसेचा नाही, कामाचा आहे."

मागे आजोबांनी डोक्यावरची पेढ्यांची पिशवी खाली घेतली.

मॅनेजरनी डॉक्टरांचं पत्र, ऑस्करच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र आणि लसीकरणाचे कागद मागितले. मी ते नेहमी बाळगते. ते आत फोन करायला गेले आणि आम्ही वाट बघत बसलो. तो वेळ फार वाईट गेला. वहिनी शेजारी येऊन बसली. डोळ्यांत पाणी. "उद्या संध्याकाळपर्यंत तरी थांबायचं होतंस गं." मी तिचा हात धरला, तिने तो सोडवला नाही एवढंच.

मॅनेजर बाहेर आले ते हसतच. सर्व्हिस डॉगला फी नाही. तो खोलीत माझ्याजवळच झोपेल, हॉलमध्येही येईल. फक्त जेवणाच्या टेबलांपासून आणि नमाजाच्या खोलीच्या बाजूपासून लांब ठेवा. "अँड मॅडम, नेक्स्ट टाइम प्लीज टेल अस बिफोर." बरोबर होतं त्यांचं. आम्हीच त्याला पेट म्हटलं होतं.

मुलाकडचे

मॅनेजर गेल्यावर अद्वैतची आई, नीलाताई, पेढ्यांचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या. वहिनीने श्वास रोखला.

"मंजिरीताई, एक विचारू का? याला हात लावला तर चालेल?"

"आत्ता नाही. ड्युटीवर आहे."

"बघा, म्हणजे माझं बरोबर होतं," त्या मागे वळून आजोबांना म्हणाल्या. "सईने सांगितलं होतं, जॅकेट असताना हात लावायचा नाही. पण मघाशी त्याला जॅकेटच नव्हतं, म्हणून आम्ही बुचकळ्यात पडलो."

"सईने?" वहिनीचा आवाज चिरकला.

"हो! अद्वैतला पहिल्या भेटीतच सांगितलं तिने काकूचं. आम्हाला केव्हाच माहीत आहे. पण तुमच्याकडून कुणी विषय काढेना. आम्हाला वाटलं, तुम्हाला आवडत नसेल, म्हणून आम्हीही गप्प." मग त्या वहिनीकडे झुकल्या. "माझ्या सासऱ्यांना तर कधीपासून तुमच्या ओंकारला भेटायचं होतं."

हे नाव त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचवलं ते सांगायला नको. म्हणजे सासूबाईसुद्धा बोलून बसल्या होत्या. एकटे आम्हीच बारा हजार मोजून गप्प बसायला निघालो होतो. वहिनी आधी रडली, मग पेढा खाल्ला, मग सईला शोधायला गेली.

प्रसाद खोलीत जाऊन बुटांसकट पलंगावर आडवा झाला, घोरायला लागला आणि संध्याकाळच्या चहापर्यंत उठला नाही. मी आंघोळीला गेले. कडी लावली नाही, ती नाहीच लावायची. पण दाराबाहेर ऑस्कर बसला होता आणि मला पाढे म्हणावे लागले नाहीत.

जाता जाता

तुमच्याकडे असा कुत्रा असेल आणि प्रवास करणार असाल, तर बुकिंगच्या आधी हॉटेलला लेखी विचारा आणि त्यांचं उत्तर जवळ ठेवा. 'पेट' हा शब्द स्वतःहून वापरू नका. एकदा पेट म्हटलं की पुढचे सगळे नियम पेटचेच लागतात. आंधळ्या माणसाचा कुत्रा सगळ्यांना समजतो, आपला समजावून सांगावा लागतो. नियम जागोजागी वेगळे असतात, त्यामुळे भांडायच्या आधी विचारा. आणि फी माफ झाली म्हणून त्याने उशी फाडली तर ती माफ होत नाही, तिचे पैसे भरा.

फोटो

तुम्हाला वाटत असेल, साखरपुड्यात मला फीट आली आणि ऑस्करने सगळ्यांसमोर मला सांभाळलं. गोष्ट असती तर तसंच झालं असतं. पण काही झालं नाही. मी जेवले, उखाण्यात अडखळले, जिलबी दोनदा घेतली. ऑस्कर सबंध वेळ माझ्या खुर्चीखाली होता. आजोबांनी जाता-येता त्याला लांबून नमस्कार केला.

शेवटी फोटोसाठी सगळे स्टेजवर जमले. ऑस्कर माझ्या पायाशी. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला. "मॅडम, डॉग को साइड में कर दीजिए. सिर्फ फॅमिली."

सवयीने मी पट्टा उचलला आणि कडेला सरकायला लागले. तेवढ्यात वहिनीने, ओटीतला नारळ सावरत, माझा दंड धरला.

"रहने दो भैया," ती म्हणाली, सबंध हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात. "वो लडकीवालों की तरफ से है."

आणि आपला शालू आवरून घेत तिने त्याला पुढच्या रांगेत जागा केली.